धुरी दिलेलं घर

नोकरीत पाहिलेले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या दरोड्यात कोण सापडलं, कोणता आरोपी कोणत्या कोर्टातून सुटला, हे मला आज विचारलंत तर मी दोनदा चुकेन. पण वसई पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, एका रविवारी जे घडलं त्यातलं काहीच विसरता आलेलं नाही. एका फ्लॅटमध्ये बिबट्या शिरला आणि त्या फ्लॅटमध्ये एक बाई मेली. बिबट्यानं तिला नखसुद्धा लावलं नव्हतं. मग ती मेली कशी, एवढाच माझा तपास होता. तो मी पूर्ण केला, आणि करायला नको होता असं मला अजूनही अधूनमधून वाटतं. नाव कुणाचंच घेणार नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत आणि त्यांना जगायचं आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. पालघर जिल्हा अजून व्हायचा होता, वसई ठाण्यातच मोडायची. मी सब-इन्स्पेक्टर होतो. हद्द केवढी तरी, माणसं मोजकी, आणि जीप एकच, तीही सकाळी दोघांनी ढकलल्याशिवाय जागी व्हायची नाही. हायवेच्या अलीकडे-पलीकडे भाताच्या शेतांत चार-चार मजली इमारती उठत होत्या. गिरगाव-परळच्या चाळींतून, कोकणातून, देशावरून नोकरदार माणसं येत होती, कर्ज काढून फ्लॅट घेत होती. तुंगारेश्वरचा डोंगर होता तिथेच होता आणि बिबटेही होते तिथेच होते. चांदीपसारख्या जुन्या गावांत कोंबडी गेली, कुत्रं गेलं, की लोक म्हणायचे, वाघ येऊन गेला, आणि कामाला लागायचे. बिबट्याला तिकडे वाघच म्हणतात. पण या नव्या वस्तीत मुंगूस दिसलं तरी पोलीस स्टेशनचा फोन वाजायचा. मीटरच्या पेटीत धामण निघाली, संडासात घोरपड आली, सगळं आमच्याकडेच. एक गृहस्थ तर माकडांविरुद्ध तक्रार नोंदवा म्हणून अडून बसले होते. मी म्हटलं, आरोपीचं पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव सांगा, आत्ता लिहून घेतो. ते रागावून वर अर्ज करायला गेले.

त्यामुळे त्या रविवारी सकाळी ठाणे अंमलदारानं येऊन सांगितलं की बिल्डिंगमध्ये वाघ शिरलाय, तेव्हा मी आधी चहा संपवला. मग दुसरा फोन आला, तिसरा आला. मी स्टेशन डायरीला नोंद केली, हवालदार आणि दोन शिपाई घेतले आणि निघालो.

इमारतीच्या पुढच्या गेटला माणसांची भिंत उभी होती. जीप आत जाईना, म्हणून मागच्या कच्च्या गल्लीतून नेऊन इमारतीच्या पाठीला लावली. तिथे पाण्याच्या टँकरनं सांडवून ठेवलेला चिखल होता. मी उतरलो तो बुटासकट त्यात रुतलो. तिथून वळसा घालून पुढे आलो.

हकीकत अशी कळली. बिबट्या भटक्या कुत्र्यामागे कंपाउंडमध्ये आला. कुत्रं कुठेतरी सटकलं आणि गोंधळलेलं जनावर तळमजल्यावरच्या एका फ्लॅटच्या मागच्या गॅलरीतून आत उडी मारून गेलं. गॅलरीला ग्रिल नव्हतं. हॉलमध्ये त्या घरातली बाई आणि तिची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी साफसफाई करत होत्या. दोघी किंचाळत बाहेर पळाल्या आणि समोरच्या शेजाऱ्यानं दाराला बाहेरून कडी घातली. सगळी इमारत पुढच्या बाजूला धावली. मागे कुणी थांबलंच नाही.

घरमालक तेवढ्यात बाजारातून परतला होता. पन्नाशीचा, देशावरचा, मुंबईत कारकुनी करणारा शांत माणूस. एका हातात मिठाईचा पुडा, दुसऱ्या हातात फुलांची पुडी. दुपारी मुलीला बघायला यायचे होते. आधी एकदा बघून गेले होते, आज बोलणी पक्की व्हायची होती. मी त्याला पहिला प्रश्न तोच विचारला जो कोणताही पोलीस विचारेल.

"घरात कुणी राहिलंय का?"

"नाही साहेब. सगळे बाहेर आहेत."

मी हवालदाराला दोर बांधायला लावला. वायरलेसवरून वरिष्ठांना कळवलं, वनखात्याला निरोप धाडला. थोड्या वेळानं त्या भागाचा वनरक्षक आला. त्याच्या हातात एक काठी होती. पिंजरा आणि भुलीची बंदूक मुंबईकडून यायची, दुपार टळणार, असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. मागची गॅलरी उघडी आहे, मागे कुणाला फिरकू देऊ नका, जीपही सुरू करू नका, गर्दी हटवा, अंधार पडायच्या आत ते आपलं आपण निघून जाईल.

गर्दी हटवा म्हणणं सोपं असतं. रविवार होता. बघ्यांना ऊत आला होता. गच्चीवर माणसं, टँकरवर माणसं, पोरं बापाच्या खांद्यावर. भेळवाला येऊन उभा राहिला आणि त्याचा धंदा जोरात चालला. मी दोनदा लाठी आपटून लोकांना मागे रेटलं. पाण्यात काठी मारावी तसं ते दोन मिनिटांत पुन्हा होते तिथे. अधूनमधून आतून काहीतरी पडल्याचा आवाज यायचा. डबा पडावा तसा. मग सगळे एकदम गप्प व्हायचे आणि कुणीतरी दबक्या आवाजात म्हणायचं, आहे, आहे, आतच आहे.

दुपारी मुलाकडची मंडळी ठरल्या वेळेला हजर झाली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा. हे सगळं पाहून ते चक्रावले, पण माणसं भली दिसली. मुलाचे वडील घरमालकाच्या शेजारीच उभे राहिले, त्याच्या पाठीवर हात ठेवून धीर देत होते. पाहुण्यांसमोर ही शोभा झाली म्हणून तो बिचारा घामाघूम झालाय, असं मला वाटलं. त्याची बायको चक्कर येऊन पडली होती. तिला आणि मुलीला पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं होतं.

त्याच घरात फोन होता. पिंजऱ्याची गाडी कुठवर आली हे विचारायला मी वर गेलो. लाईन लागेना. मी वर होतो तेवढ्या वेळात खाली ते झालं.

गर्दीत जुन्या गावठाणातला एक म्हातारा होता. साळिंदर बिळातून बाहेर काढायला आम्ही मिरचीची धुरी देतो, असं तो सहज बोलून गेला. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ऐकणारी पोरं रिकामी होती आणि सकाळपासून काहीतरी करायला त्यांचे हात शिवशिवत होते. इस्त्रीवाल्याकडून निखारे आणले, वाण्याकडून सुक्या मिरच्या आणल्या, घमेल्यात घातल्या. पोरं अगदीच बेअकली नव्हती. त्यांनी घरमालकाला विचारलं, काका, आत कुणी नाही ना, देऊ का धुरी? मुलाचे वडीलही म्हणाले, द्या की, काय हरकत आहे. घरमालकानं मान हलवली. पोरांनी बाजूच्या बोळातून स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फोडली आणि घमेलं बांबूनं आत ओट्यावर सरकवलं.

मी धावत खाली आलो तेव्हा वनरक्षक आणि हवालदार ओरडत होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आतून खोकल्याचा आवाज येत होता. दबलेला, घुसमटलेला, थांबून थांबून. बिबट्याचा आवाज तुम्ही ऐकला असेल तर तोही करवतीनं लाकूड कापावं तसा खरखरीत असतो. लोक म्हणाले, वाघ खोकतोय. आम्ही बांबूनं घमेलं ओढून बाहेर पाडलं. आवाज आणखी काही वेळ येत राहिला आणि मग थांबला. कुणीतरी म्हणालं, बेशुद्ध पडला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या मला विसरता येत नाहीत. ते लोक वाईट नव्हते हे मला ठाऊक आहे, तरीही.

संध्याकाळ व्हायच्या आत बंदूकवाले आले. दार उघडलं. हॉलमध्ये काही नाही, पलंगाखाली काही नाही, स्वयंपाकघरात काही नाही. स्वयंपाकघराला लागून एक लहानशी खोली होती, सामान ठेवायला असते तशी. तिला बाहेरून कडी होती. वनखात्याचे लोक म्हणाले, बंद खोलीत जनावर कसं जाईल, चला. मी तरी कडी काढली. का काढली ते सांगता येणार नाही, झडती अर्धी सोडायची सवय नव्हती एवढंच.

आत गादीवर एक चाळिशीची बाई भिंतीला टेकून बसली होती. अंगावर स्वच्छ साडी, केस तेल लावून विंचरलेले. शेजारी खाऊचा डबा सांडलेला. तोंडात स्वतःच्याच पदराचा बोळा. ती गेली होती. माझ्यामागून घरमालक आत आला आणि तिच्या गादीपाशी बसला.

इन्क्वेस्ट पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद केली, प्रेत सरकारी दवाखान्यात पाठवलं. घरमालकाचा पहिला जबाब असा होता: ही माझी धाकटी बहीण. कालच गावाहून आली. मला वाटलं ती बायकोबरोबर बाहेर पडली, बायकोला वाटलं ती माझ्याबरोबर बाजारात गेली. कडी बिबट्याच्या भीतीनं गडबडीत कुणीतरी लावली असेल. जबाब ऐकायला बरा होता. पण माझं लक्ष पदराच्या बोळ्यावर होतं. हवालदार माझ्यापेक्षा दहा वर्षं जुना. तो म्हणाला, साहेब, हिला आधीच मारली आणि वाघ आयता मिळाला. मलाही तेच वाटत होतं. पोलिसाला सगळे चोर दिसतात म्हणतात, त्यात काही खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, मृत्यू गुदमरून, धुरानं. अंगावर मार नाही, ओठांना इजा नाही, झटापटीची खूण नाही. पदर कोंबलेला दिसत नाही, धरलेला दिसतो. म्हणजे काय, असं मी विचारलं. ते शोधणं तुमचं काम, असं म्हणून त्यांनी हात धुतले.

त्याच दिवशी अर्नाळ्याची एक कोळीण स्टेशनात आली. ती त्या वस्तीत मासे विकायला जायची. टोपली पायरीवर ठेवून ती आत आली आणि उभ्यानंच म्हणाली, "साहेब, ती बाय कालची नाय. दोन वरसां झाली, मी बगतंय तिला. दुपारची गॅलरीन बसायची. माज्याकडं बगून हसायची, पन बोलायची नाय कदी." तिचा अंगठा घेतला. एवढ्या मोठ्या इमारतीत दुसऱ्या कुणालाच त्या बाईचा पत्ता नव्हता. शेजारी शपथेवर सांगत होते की त्या घरात तीनच माणसं राहतात.

मग मी वनरक्षकाला घेऊन पुन्हा जागेवर गेलो. बिबट्या गेला कधी, हे मला हवं होतं. रविवारी संध्याकाळी दार उघडल्यावर शेकडो माणसं मागे धावली होती आणि तिथल्या चिखलात नाचून त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पण आमची जीप जिथे दिवसभर उभी होती तेवढा तुकडा कुणी तुडवला नव्हता. तिथे बिबट्याच्या पंजाचे ठसे होते, गॅलरीकडून डोंगराकडे जाणारे. आणि त्यांतल्या एका ठशावर आमच्या जीपच्या टायरची नक्षी उमटली होती.

वनरक्षक माझ्याकडे बघत राहिला. मला समजायला क्षणभर लागला. ठशावर टायर, म्हणजे जनावर आधी गेलं आणि जीप नंतर आली. मी त्या इमारतीत पाय ठेवला तेव्हा बिबट्या निघून गेला होता. दिवसभर आम्ही ज्याच्या भोवती दोर बांधून उभे होतो त्या घरात ती एकटीच होती. डबा तिनं पाडला होता. खोकला तिचा होता.

घरमालकाला मी त्या संध्याकाळी पुन्हा बोलावलं. मारझोड मी करत नसे. त्यात दयाबुद्धी कमी आणि अनुभव जास्त होता. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, खरं बोलतो असं नाही. खोटं बोलणाऱ्यानं मोठ्या प्रश्नांची उत्तरं पाठ केलेली असतात, म्हणून मी बारीकसारीक विचारत असे. त्याला चहा दिला आणि विचारलं, परवा रात्री बहिणीला जेवायला काय केलं होतं? तो पटकन म्हणाला, आमटीभात. मी म्हटलं, तिला काय आवडायचं? शेवग्याच्या शेंगा, तो म्हणाला, पण नुसत्या देता येत नाहीत, ती चोथा गिळते, मला गर काढून द्यावा लागतो. मी म्हटलं, आणि झोपते कशी? माझा जुना स्वेटर उशाला लागतो, तो म्हणाला, नाहीतर रात्रभर फेऱ्या घालते. बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं की पाहुणी बाई अशी नसते. त्यानं कप खाली ठेवला आणि रडायला लागला.

ती लग्नानंतर काही वर्षांत डोक्यानं बिघडली होती. नवऱ्यानं आणून सोडली. तिघा भावांपैकी दोघांनी दार लावून घेतलं, यानं घेतली. आधी हे चाळीत राहायचे. चाळीत काही लपत नाही. पोरं तिच्या नकला करायची. मुलगी वयात आल्यावर पहिल्याच स्थळानं चौकशी करून तोंड फिरवलं. घराण्यात वेड आहे म्हणाले. तेव्हा यानं खोली विकून वसईला फ्लॅट घेतला, तिथे दार लावून घेता येतं म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. रात्रीच्या वेळी घोंगडी पांघरवून तिला इथे आणली आणि त्या दिवसापासून एका कोळणीखेरीज ती कुणाला दिसली नाही.

"खोकला ऐकलात ना तुम्ही?" मी विचारलं.

"ऐकला."

"कुणाचा वाटला?"

"तिचाच," तो म्हणाला. मग म्हणाला, "व्याही शेजारी उभे होते, साहेब. मी दोनदा तोंड उघडलं."

मी त्याला म्हटलं, मी तर सकाळीच विचारलं होतं, तेव्हा व्याही नव्हते. माझा आवाज चढला होता, हे मला आठवतं. त्यानं डोळे पुसले आणि जे सांगितलं ते मी आजवर घरीही कुणाला सांगितलेलं नाही. "तेव्हा मी खोटं नाही बोललो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी मनात माणसं मोजली. बायको, मुलगी, मी. सगळे बाहेर होते. ती आठवली नाही मला. मुलीनं येऊन कानात सांगितलं तेव्हा आठवली."

मला राग आला होता आणि तो कुणाचा करायचा हे कळत नव्हतं. समोरचा माणूस बहिणीला शेंगांचा गर काढून देत होता.

मुलीनं कानात सांगितल्यावर तो तिला म्हणाला होता, तिच्या खोलीला कडी आहे, जनावर आत जाणार नाही, ती सुरक्षित आहे, तू गप्प राहा. त्या घटकेला ते खरंही होतं. मग पाहुणे आले, मग धुरी आली. एक वाक्य बोलायचं होतं. पण ज्या वाक्याला दोन वर्षं दाबून ठेवलं ते असं चारचौघांत एकदम निघत नाही. मी हे त्याची बाजू घेऊन सांगत नाही. मी त्याला अटक केली. हयगयीनं मृत्यूचं कलम ३०४ अ लावलं, डांबून ठेवल्याचं कलम लावलं, धुरी देणाऱ्या पोरांनाही आरोपी केलं.

पण पदर उरला होता. खून नाही हे मला दिसत होतं, तरी तो पदर तोंडात कसा गेला याचं उत्तर नसेल तर उद्या आरोपपत्र कोर्टात कसं ठेवणार? त्यानं देवाची शपथ घेऊन सांगितलं की मी हात लावला नाही. बायको काहीच बोलेना. ती नुसती भिंतीकडे बघत बसायची. म्हणून महिला शिपायाला घेऊन मी मुलीचा जबाब घ्यायला त्यांच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात अजून मिरचीचा वास होता. आम्ही दोघं बोलता बोलता खोकत होतो.

मुलगी हुशार होती, बी.कॉम. झालेली, सरळ बघून बोलणारी. मी म्हटलं, तुझी आत्या इतकी माणसं बाहेर असताना ओरडली का नाही? दारावर धक्के का नाही मारले? धूर आत आल्यावर तरी?

"तिला मीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "बाहेर माणसं असली की आवाज करायचा नाही. आवाज यायला लागलाच तर पदर तोंडात धरायचा. मी बेल वाजवायचे आणि ती पदर धरायची. धरला की मी तिला लिमलेटची गोळी द्यायचे. तिला तो खेळच वाटायचा. रविवारी सकाळीसुद्धा आम्ही दोन-तीनदा खेळलो. पाहुणे येणार होते ना."

महिला शिपाई उठून बाहेर गेली. मी जबाब लिहीत राहिलो, कारण लिहिणं थांबवलं असतं तर मला पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तर तपास पूर्ण झाला. बाहेर शेकडो माणसं होती. इतकी माणसं त्या बाईनं दोन वर्षांत ऐकली नव्हती. म्हणून ती शहाण्या मुलीसारखी बसली, शिकवलेलं सगळं केलं, आणि शेवटपर्यंत केलं.

पेपरात बातमी आली. माणसातल्या पशूबद्दल कुणीतरी बरंच लिहिलं. मला ते वाचून चीड आली. ज्यांनी त्या बाईला टाकलं ते दोन भाऊ घरात बसून तो पेपर वाचत होते. प्रेत ताब्यात घ्यायलासुद्धा ते आले नाहीत. आरोपीला पोलीस बंदोबस्तात स्मशानात नेऊन अग्नी द्यायला लावला. हातकडी मी काढून घेतली होती.

स्थळ मोडलं हे सांगायला नकोच. मुलाचे वडील एकदा स्टेशनात आले होते. वेड आनुवंशिक असतं का, पोलीस खात्याचं काय मत आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, खात्याचं मत नाही, तुम्ही निघा. खरं तर मला त्यांना वेगळं काही विचारायचं होतं. त्यानं बहिणीबद्दल आधीच सांगितलं असतं तर तुम्ही या स्थळाला थांबला असता का? पण त्यांचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते ऐकायची ताकद नव्हती.

खटला उभा राहिला तोवर माझी बदली झाली होती. साक्षीला मी परत आलो. मुलगी फितूर होईल असं सरकारी वकिलांनी धरूनच ठेवलं होतं. बापाविरुद्ध कोण बोलतं? पण ती बोलली. बेल, पदर, गोळी, सगळं. मॅजिस्ट्रेटनी तिला मध्ये पाणी दिलं. बापानंही काही नाकारलं नाही. पोरं सुटली, त्याला शिक्षा झाली. शिक्षा फार नव्हती, पण नोकरी गेली. बायको कोर्टात मुलीपासून दोन बाकं सोडून बसली होती.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. एक धडा कामाचा आहे. त्यानंतर आग असो, पूर असो, इमारत कोसळलेली असो, घरात कुणी आहे का असं मी कधी विचारलं नाही. या घरात कोण कोण झोपतं, असं विचारायचो, आणि एकेकाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जायचो नाही. नव्या पोरांनाही तेच सांगितलं. त्यातून पुढे दोन घरांत अशी दोन माणसं सापडली, एक म्हातारा आणि एक अपंग मुलगा. म्हणजे असली दारं पुष्कळ आहेत. बाकी धडा म्हणाल तर माझ्याकडे नाही. कुठल्या कलमाखाली ती बाई वाचली असती ते मला सापडलेलं नाही.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो तेव्हा ती मुलगी मागून आली. आई पुढे निघून गेली होती, तिच्यासाठी थांबली नव्हती. मुलगी म्हणाली, एक विचारायचं होतं, खरं सांगा.

"आत्या ओरडली असती, तर तुम्ही दार फोडलं असतं ना?"

तीन दशकं मी लोकांकडून खरं काढत आलो. त्या वेळी मला खोटं बोलता यायला हवं होतं. बिबट्या आत आहे असं वाटत होतं, सांगता येत नाही, असं काहीतरी. पण ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो. "लगेच फोडलं असतं."

तिनं मान हलवली, थँक्यू म्हणाली, आणि आईच्या मागे रस्त्याला लागली.